व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, इन्स्टाग्रामची प्रायव्हसी सेटिंग्ज: सीमाभागातल्या फोनवर किती कामाची?

आधी निकाल. व्हॉट्सअ‍ॅपला 10 पैकी 7, इन्स्टाग्रामला 6, फेसबुकला 5, टेलिग्रामला 4. हे गुण फक्त त्या ॲपमधल्या प्रायव्हसीच्या पानांना आहेत, आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात फोन जसा वापरला जातो ते धरून दिलेत. मोठ्या शहरातून लिहिलेल्या परीक्षणांत सगळा जोर अनोळखी माणसापासून वाचण्यावर असतो. आपल्याकडे बघणारा बहुतेक वेळा ओळखीचाच निघतो. तो गल्लीतला असतो, मंडळातला असतो, पाहुण्यांतला असतो, नाहीतर रेशनकार्डाचा फोटो ज्याला पाठवला तो, सरकारी अर्ज ऑनलाइन भरून देणारा सेंटरवाला असतो. अशा माणसासमोर काय उघडं ठेवायचं आणि काय झाकायचं, हे ठरवायला ही सेटिंग्ज पुरतात का, एवढंच इथं तपासलंय.

मेनूची नावं इंग्रजी मेनूप्रमाणे दिली आहेत, कारण बहुतेकांचा फोन तसाच लावलेला असतो. दुकानातून फोन कन्नड मेनूसह हातात आला असेल आणि वाचताना अडत असेल, तर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सेटिंग्ज, मग ॲप लँग्वेज इथून मराठी लावता येतं. बाकीचा फोन कन्नडमध्ये राहिला तरी चालतं. अपडेटनंतर एखादा पर्याय जागेवर सापडला नाही तर सेटिंग्जच्या पानावरच शोधायची सोय आहे, तिथं प्रायव्हसी एवढं टाइप केलं तरी पुरतं.

व्हॉट्सअ‍ॅप

सेटिंग्ज उघडून प्रायव्हसीत गेलं की लास्ट सीन अँड ऑनलाइन, प्रोफाइल फोटो, अबाउट, स्टेटस असे कप्पे दिसतात. फोटोसाठी एव्हरीवन, माय कॉन्टॅक्ट्स, माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट आणि नोबडी असे चार पर्याय आहेत. बहुतेक जण माय कॉन्टॅक्ट्सवर टिचकी मारून मोकळे होतात. सेटिंग चांगलं आहे, पण त्याची सगळी मदार फोनबुकावर. तुम्ही ज्याचा नंबर सेव्ह केलाय, तो प्रत्येक जण ॲपच्या हिशेबी कॉन्टॅक्ट.

आता फोनबुक उघडून बघा. गॅसवाला, सेंट्रिंगवाला, रिक्षा अण्णा, पिग्मी एजंट, मोटर वायंडिंगवाला, लाइनमन, दोन वर्षांपूर्वी खडेबाजारात शालू घेतला तिथला सेल्समन. या सगळ्यांना मुलीचा फोटो असलेला डीपी दिसतोय. नंबर सेव्ह करायची आपली सवय सढळ आहे, आणि इथली बहुतेक गळती तिथंच आहे. म्हणून पहिलं काम सेटिंग्जमध्ये नाहीच. ज्याचं काम संपलं त्याचा नंबर फोनबुकातून काढा. चॅट तसंच राहतं, बोलणंही थांबत नाही, पण तो माणूस कॉन्टॅक्ट्समधून बाद होतो.

माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट हा दुसरा मार्ग. यादी उघडते, नको त्यांच्या नावापुढं टिक करायची. यात एक खोच आहे. ही यादी त्या दिवसापुरती असते. पुढच्या महिन्यात सेव्ह केलेला नवा नंबर आपोआप बघू शकणाऱ्यांत जातो, ॲप त्याबद्दल काही विचारत नाही. नंबर वरचेवर सेव्ह होणाऱ्या घरात ही यादी दोन-तीन महिन्यांनी तपासावी लागते. ज्यांना एवढी उस्तवार नको त्यांनी सरळ डीपीला गणपती किंवा फुलांचा फोटो लावावा. सीमाभागातल्या निम्म्या मावश्यांनी हा उपाय कुणी न सांगता कधीच शोधलाय.

स्टेटसचं गणित जरा वेगळं आहे. ते दिसायला दोघांनी एकमेकांचे नंबर सेव्ह केलेले असावे लागतात, म्हणून गळती कमी. ओन्ली शेअर विथ हा पर्याय सगळ्यात नेमका: ज्यांना निवडलं तेवढ्यांनाच दिसतं. मात्र स्टेटस टाकल्यावर सेटिंग बदलून उपयोग नाही, बदल पुढच्या स्टेटसपासून लागू होतो. घाईत टाकलेलं झाकायचं असेल तर ते डिलीट करून पुन्हा टाकावं लागतं.

लास्ट सीन लपवलं तर दुसऱ्यांचंही दिसत नाही. निळ्या टिकांचंही तसंच, आणि ग्रुपमध्ये निळ्या टिका बंद करूनही जातातच. कॉल्सच्या कप्प्यात सायलेन्स अननोन कॉलर्स आहे. अनोळखी नंबरचा व्हॉट्सअ‍ॅप कॉल वाजत नाही, यादीत मात्र दिसतो. घरातल्या वयस्कर माणसांच्या फोनवर हे डोळे झाकून चालू करा. पोलीस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवर डांबून ठेवणाऱ्यांचा पहिला कॉल बऱ्याचदा असाच येतो. दुकानदारांनी मात्र विचार करून करावं, गोव्याहून आलेलं नवं गिऱ्हाईकही त्याच चाळणीत अडकेल.

आता ग्रुप. भिशी, बचत गट, शाळेचे पालक, गणेशोत्सव मंडळ, भावकी, माजी विद्यार्थी, पायी दिंडी, गल्लीतल्या नळाचं पाणी कधी येणार ते सांगणारा ग्रुप. एका ग्रुपात 1024 जण मावतात आणि साध्या ग्रुपात प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. तो लपवायचं सेटिंग नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे तीन गुण कापले त्यातले दोन इथंच. कम्युनिटीच्या अनाउन्समेंट ग्रुपात सभासदांचे नंबर इतर सभासदांपासून झाकलेले असतात, आणि चॅनेलमध्ये एका फॉलोअरचा नंबर दुसऱ्याला कळत नाही. म्हणजे सोय आहे, पण आपल्याकडची मंडळं अजून साध्या ग्रुपावरच वर्गणीच्या पावत्या टाकतात. नाव, रक्कम, गल्ली आणि नंबर एका जागी. पाचशे जणांच्या मंडळाला सूचनाच द्यायच्या असतील तर चॅनेल काढावं, चर्चा करणाऱ्या कार्यकर्त्यांचा ग्रुप वेगळा ठेवावा.

आपल्या बाजूनं करायचं ते एवढंच: प्रायव्हसी, मग ग्रुप्स, मग माय कॉन्टॅक्ट्स. मुळात ते एव्हरीवनवर असतं, म्हणून शेअर बाजाराच्या टिपा देणाऱ्या बनावट ग्रुपात माणूस न विचारता ओढला जातो. बदलल्यावर बाहेरच्या माणसाला थेट घालता येत नाही. त्याला आमंत्रण पाठवावं लागतं आणि ते तीन दिवसांनी रद्द होतं.

ॲडमिन असाल तर जबाबदारी जास्त. ग्रुपच्या नावावर टिचकी मारून ग्रुप परमिशन्समध्ये जा. ॲड अदर मेंबर्स बंद करा, ॲप्रूव्ह न्यू मेंबर्स चालू करा. मग इन्व्हाइट लिंकच्या पानावर रीसेट लिंक करा. हे शेवटचं कुणीच करत नाही. एकदा फेसबुकवर टाकलेली किंवा मंडळाच्या अहवालात क्यूआर करून छापलेली लिंक रीसेट होईपर्यंत जिवंत राहते. तीन वर्षांपूर्वीच्या अहवालावरून आजही कुणीही आत येऊन सगळे नंबर उतरवून घेऊ शकतो. ग्रुप सोडल्याची सूचना हल्ली फक्त ॲडमिनला जाते, पण सोडून गेलेल्यांची यादी पुढचे 60 दिवस सगळ्या सभासदांना बघता येते. चुलत्यांच्या ग्रुपमधून गुपचूप निघायचा बेत असेल तर हे ध्यानात असू द्या.

लग्नसराईत ग्रुपावर फिरणारी पत्रिकेची फाइल हा प्रायव्हसी सेटिंग्जच्या हद्दीबाहेरचा प्रकार, पण वाट तीच. पत्रिका फोटो, व्हिडिओ किंवा पीडीएफ म्हणून येते. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके असेल तर ते ॲप आहे. इन्स्टॉल झालं की एसएमएस वाचायची परवानगी मागतं, ओटीपी उचलतं आणि तुमच्याच नावानं पुढच्या ग्रुपांत जातं. वाहतूक दंडाच्या चलानाच्या नावानंही हेच येतं. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ॲप्स, स्पेशल ॲप ॲक्सेस, इन्स्टॉल अननोन ॲप्स असं जाऊन व्हॉट्सअ‍ॅपसमोरचं बटण बंद आहे ना, ते बघा. ते बंद असलं की चुकून टिचकी लागली तरी फोन अडवतो.

बायोडाटा आणि रेशनकार्ड

सेटिंग्जची खरी परीक्षा या दोन कागदांवर होते.

वधू-वर सूचक ग्रुपात फिरणारा बायोडाटा बघा. पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मठिकाण, कुळी, देवक, शिक्षण, कंपनी, पगार, वडिलांचा व्यवसाय, शेती किती एकर, मामांचं गाव, घरचा पत्ता, दोन फोटो आणि मोबाइल नंबर. बेळगावात टाकलेला कागद संध्याकाळपर्यंत कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगडपर्यंत पोचतो आणि लग्न होऊन मूल शाळेत गेलं तरी फिरत राहतो. एवढ्या माहितीवर कुणी बनावट प्रोफाइल काढू शकतो किंवा बँकेचा माणूस असल्याचं सोंग घेऊन बोलू शकतो. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये यावर अर्धाच इलाज आहे.

व्ह्यू वन्स करून पाठवलेला फोटो एकदाच उघडतो, 14 दिवसांत उघडला नाही तर जातो, आणि त्याचा स्क्रीनशॉट ॲप घेऊ देत नाही. दुसऱ्या फोननं त्याचा फोटो काढता येतोच. शिवाय पीडीएफ व्ह्यू वन्स करता येत नाही. ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी हे 2025 मध्ये आलेलं बटण चॅट बाहेर एक्सपोर्ट होऊ देत नाही आणि फोटो आपोआप गॅलरीत उतरू देत नाही. स्क्रीनशॉट त्यालाही अडवता येत नाही. त्यामुळं कागदच दोन प्रकारचा करणं शहाणपणाचं: ग्रुपावर जाणाऱ्यात जन्मसाल, शिक्षण, गाव, तालुका आणि नंबर वडिलांचा किंवा मामांचा. तारीख-वेळ, पत्ता आणि फोटो बोलणं पुढं गेल्यावर, त्या एका घराला. पत्रिका जुळवणारे गुरुजी वेळ मागतील, तेव्हा ती त्यांनाच द्यावी. बायोडाटा मुलीच्या स्वतःच्या नंबरवरून कधी पाठवू नये, फॉरवर्ड होताना नाव पुसलं तरी ज्यांच्याकडं मूळ मेसेज आहे त्यांच्याकडं नंबर राहतोच.

दुसरा कागद सेंटरवरचा. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे 2000 रुपये, रेशनकार्डातली नाववाढ, पोरांची स्कॉलरशिप, सगळ्यासाठी आधार, पासबुक आणि रेशनकार्डाचे फोटो सेंटरवाल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जातात. तिथून त्याच्या कॉम्प्युटरवर, डाउनलोड्सच्या फोल्डरात, पुढच्या गिऱ्हाइकाच्या कागदांशेजारी. पाठवायच्या आधी त्या चॅटमध्ये त्याच्या नावावर टिचकी मारा, डिसअपिअरिंग मेसेजेस उघडा, 24 तास लावा. आधी पाठवलेल्याला ते लागू होत नाही, म्हणून क्रम महत्त्वाचा. काम झालं की डिलीट फॉर एव्हरीवन करा, त्याला साधारण अडीच दिवसांची मुदत असते. यानं चॅटमधली प्रत जाते, त्यानं कॉम्प्युटरवर उतरवलेली जात नाही. आधारचा पूर्ण नंबर लागत नसेल तिथं यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या संस्थेच्या, साइटवरून मास्क्ड आधार उतरवा, त्यात शेवटचे चार आकडेच दिसतात. पूर्ण लागत असेल तर झेरॉक्सवर आडवं ‘फक्त गृहलक्ष्मी अर्जासाठी’ असं तारखेसह लिहून सही करा आणि त्याचा फोटो पाठवा. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवलं तर अंगठ्यावरून पैसे काढायचा धोकाही टळतो. रेशन दुकानात अंगठा द्यायच्या आधी मात्र ते उघडावं लागेल, नाहीतर दुकानदार ‘मॅच होईना’ म्हणून परत पाठवेल.

एक बारीक गोष्ट. फोटो फोटो म्हणून पाठवला तर व्हॉट्सअ‍ॅप त्यातली जागेची नोंद काढून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर कॅमेऱ्यानं आत लिहिलेली जागा तशीच जाते. क्लिअर यावा म्हणून घराचा किंवा पोरांचा फोटो डॉक्युमेंट करून पाठवणाऱ्यांनी कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंद ठेवावं.

दुकानात लावून घेतलेला फोन

फोन घेतला की दुकानदारच जीमेल काढून देतो, फेसबुक उघडून देतो, पासवर्ड पाकिटावर लिहून देतो. सोय मोठी आहे, पण त्या खात्याची किल्ली दोघांकडं राहते. रिकव्हरीसाठी दिलेला नंबर किंवा ई-मेल दुकानाचा असेल तर पासवर्ड बदलूनही भागत नाही. गूगल खात्याच्या सिक्युरिटीत रिकव्हरी फोन, रिकव्हरी ई-मेल आणि युअर डिव्हायसेस हे तिन्ही बघा.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये लिंक्ड डिव्हायसेस उघडा. फोनखेरीज चार उपकरणं जोडता येतात. तुमच्या ओळखीचं नसलेलं काही दिसलं की त्यावर टिचकी मारून लॉग आउट. फोन दुरुस्तीला टाकून परत आला, सेंटरवर प्रिंटसाठी व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडलं, की त्याच दिवशी हे बघायचं. वेब आपणहून बंद होईल या भरवशावर राहू नका, मूळ फोन 14 दिवस वापरला नाही तरच ते गळून पडतं आणि तुमचा फोन तर रोज चालू असतो.

टू-स्टेप व्हेरिफिकेशन अकाउंटच्या पानावर आहे. सहा आकडी पिन. ई-मेल विचारेल तेव्हा टाळू नका, पिन विसरलात आणि ई-मेल नसेल तर सात दिवस थांबावं लागतं. सीमाभागात हे जास्त गरजेचं, कारण इथं दोन सिमं सर्रास असतात: एक कर्नाटकातलं, एक कोल्हापूर-पुण्यात नोकरीला असताना घेतलेलं. व्हॉट्सअ‍ॅप जुन्या महाराष्ट्राच्या नंबरवर चालू राहतं आणि त्या सिमाचा रिचार्ज सुटतो. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते. त्या माणसानं व्हॉट्सअ‍ॅप लावलं की ओटीपी त्याच्याकडं जातो आणि तुमच्या भावकीच्या ग्रुपात तो येऊन बसतो. सिम सोडायच्या आधी अकाउंटमधून चेंज नंबर करा. ओटीपी नव्या नंबरवर येतो, त्यामुळं जुन्या नंबरचं व्हॉट्सअ‍ॅप तुमच्या फोनवर चालू असेतोवर हे पाच मिनिटांचं काम आहे.

बॅकअपबद्दल थोडक्यात: चॅट्स, चॅट बॅकअप, एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप (मधल्या कुणालाच, कंपनीलाही, वाचता येत नाही असा) चालू करा. पासवर्ड किंवा 64 आकडी-अक्षरी की मिळते. ती हरवली तर कंपनीलाही बॅकअप उघडता येत नाही, म्हणून वहीत लिहा.

फेसबुक

पाच गुण, कारण सेटिंग्ज आहेत भरपूर पण विखुरलेली, आणि मुळात उघडी ठेवलेली. प्रोफाइल लॉक चांगलं आहे. प्रोफाइलवरचे तीन ठिपके, लॉक प्रोफाइल, एवढंच. भारतात ते 2020 साली आलं. मित्र नसलेल्याला फोटो मोठा करून बघता येत नाही, जुन्या पब्लिक पोस्टीही फक्त मित्रांपुरत्या होतात. पण लॉकवर विसंबून पुढची दोन सेटिंग्ज सोडू नयेत.

सेटिंग्ज अँड प्रायव्हसीत हाऊ पीपल फाइंड अँड कॉन्टॅक्ट यू हे पान काढा. तिथं मित्रयादी कुणाला दिसावी त्यापुढं ओन्ली मी करा. तुमच्या फोटोवर बनावट प्रोफाइल काढणाऱ्याला फोटोपेक्षा ही यादी हवी असते. ती मिळाली की तो एकेकाला मेसेज टाकतो: मुलगा दवाखान्यात आहे, दहा हजार फोनपेवर टाक. यादी झाकली की त्याची वाट बरीच अडते, सामाईक मित्र तेवढे दिसत राहतात.

त्याच पानावर फोन नंबरवरून तुम्हाला कोण शोधू शकतं ते विचारलंय. तेही ओन्ली मी. कारण ऐकण्यासारखं आहे. 2021 मध्ये 53.3 कोटी फेसबुक वापरणाऱ्यांचे फोन नंबर नावासकट उघड्यावर आले. कुणी कुलूप फोडलं नव्हतं, फोनबुकातले नंबर टाकून मित्र शोधायची जी सोय 2019 पर्यंत ढिली होती तिच्यातून ते ओढून नेले होते. नंबरवरून शोध बंद असणाऱ्याला असल्या ओढकामात पकडणं अवघड.

टॅगिंग हा आपला खास रोग. भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा बॅनर पडतो आणि पन्नास जणांना टॅग. प्रोफाइल अँड टॅगिंगमध्ये रिव्ह्यू पोस्ट्स यू आर टॅग्ड इन चालू केलं की तो बॅनर तुमच्या प्रोफाइलवर परवानगीशिवाय चढत नाही. त्याच्या प्रोफाइलवर तुमचं नाव राहतंच, ते काढायला पोस्टीवरच्या तीन ठिपक्यांतून रिमूव्ह टॅग. जन्मतारीख आणि साल यांची नजर वेगवेगळी ठरवता येते. तारीख मित्रांना, साल ओन्ली मी. शुभेच्छाही येतील आणि बँकेच्या पडताळणीत विचारतात ती माहितीही फुटणार नाही.

1 नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटक राज्योत्सव, जवळ आला किंवा बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात अधिवेशन लागलं की सीमाप्रश्नावरच्या पोस्टींखाली दोन्ही भाषांत कमेंटी सुरू होतात. लॉक असलेल्या प्रोफाइलवरून केलेली कमेंटही पब्लिक पोस्टीखाली जगाला दिसते. कमेंट कुणी बघायची ते पोस्ट टाकणारा ठरवतो. लिहायच्या आधी पोस्टीच्या तारखेशेजारचं चिन्ह बघा: पृथ्वीगोल म्हणजे सगळ्यांना. सरकारी नोकरीत, शिक्षण खात्यात किंवा परवान्याच्या धंद्यात असलेल्यांनी तर नक्कीच. जुन्या कमेंटी शोधायला ॲक्टिव्हिटी लॉगमध्ये कमेंट्सचा कप्पा आहे, तिथून सालवार बघून काढून टाकता येतात. स्क्रीनशॉट घेतला गेला असेल तर तो तुमच्या हातात नाही.

इन्स्टाग्राम, टेलिग्राम

इन्स्टाग्रामचं एक बटण नीट काम करतं: सेटिंग्ज, अकाउंट प्रायव्हसी, प्रायव्हेट अकाउंट. मात्र आधीचे फॉलोअर तसेच राहतात. यादी उघडून नको ते एकेक रिमूव्ह करावे लागतात, त्यांना सूचना जात नाही. प्रोफेशनल खातं प्रायव्हेट होत नाही. घरगुती कुंदा, मांडे, केक विकणाऱ्या बऱ्याच जणी स्वतःचंच खातं प्रोफेशनल करतात आणि मुलांचे फोटोही त्यातच असतात. धंद्याचं खातं वेगळं काढा आणि त्यावरच्या कॉन्टॅक्ट बटणाला धंद्याचाच नंबर द्या. अकाउंट्स सेंटरमध्ये फेसबुक जोडलेलं असेल तर इथली स्टोरी तिथंही जाते का, तेही बघा. मैत्रिणींसाठी टाकलेली स्टोरी सासरच्या काकांना दिसते ती याच रस्त्यानं.

18 खालच्यांसाठीचं टीन अकाउंट भारतात 2025 पासून आलं. खातं मुळातच प्रायव्हेट आणि अनोळखी माणसाला मेसेज करता येत नाही. चांगलं आहे, फक्त पोरानं जन्मसाल खरं टाकलं असेल तर. राजहंसगडावरची किंवा जांबोटीकडच्या धबधब्यावरची स्टोरी घरी परतल्यावर टाकायची, एवढं मोठ्यांनीही पाळावं.

टेलिग्राममध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत फोन नंबर नोबडी करा आणि खालचं हू कॅन फाइंड मी बाय माय नंबर माय कॉन्टॅक्ट्स. ग्रुप्सही माय कॉन्टॅक्ट्स. नंबर झाकायची सोय व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा सरस असूनही चार गुण, कारण साधी चॅट एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसते. त्यासाठी सिक्रेट चॅट वेगळी उघडावी लागते आणि ती कुणी उघडत नाही.

कंपनीला काय दिसतं हा प्रश्न उरतोच. वरची सगळी सेटिंग्ज माणसांपासून झाकतात, मेटापासून (व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, इन्स्टाग्रामची मालक कंपनी) नव्हे. अकाउंट्स सेंटर, युअर इन्फर्मेशन अँड परमिशन्स, मग ॲक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज इथं जाऊन इतर ॲप आणि साइटनी पाठवलेली तुमची माहिती तोडता येते. त्याच पानावर अपलोड कॉन्टॅक्ट्सही बंद करा, नाहीतर गॅसवाल्यापासून मामांपर्यंत सगळं फोनबुक तिकडं जातं. 2021 च्या व्हॉट्सअ‍ॅप धोरणावरून भारतीय स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर 2024 मध्ये मेटाला 213.14 कोटींचा दंड केला होता, तो याच माहितीच्या वाटणीबद्दल.

बनावट प्रोफाइल निघालंच तर त्यावरच्या तीन ठिपक्यांतून रिपोर्ट करा आणि चार-पाच मित्रांनाही करायला सांगा. पैसे गेले असतील तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, मग सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार आणि जवळच्या सीईएन (सायबर गुन्हे बघणाऱ्या) पोलीस ठाण्यात तिची प्रत. पैसे खात्यातून पुढं सरकायच्या आत फोन झाला तरच ते गोठवता येतात, म्हणून क्रम असा. आणि रिपोर्ट करायच्या आधी त्या प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा. नाव आणि फोटो तो दोन मिनिटांत बदलतो, आणि नुसत्या नावाच्या स्क्रीनशॉटवरून ते खातं पुन्हा शोधणं पोलिसांनाही जड जातं.